नाकाडेंचा प्लांट काढायचाय

हिंगणघाटच्या रस्त्यावर, वडनेरच्या अलीकडे, वाहतूक पोलिसानं शिट्टी मारली तेव्हा गजेंद्र नाकाडेला मनातून आनंदच झाला. डोक्यावर कोरं करकरीत हेल्मेट, खिशात लायसन, डिक्कीत इन्शुरन्स आणि पीयूसी, दोन्ही मुदतीतले. आपल्याकडे सगळी कागदपत्रं असावीत आणि नेमकं त्याच दिवशी कोणीतरी अडवावं, असा योग आयुष्यात फार वेळा येत नाही. गजेंद्रनं गाडी बाजूला घेतली आणि न मागता सगळी कागदपत्रं बाहेर काढली.

पोलिसानं लायसनकडे बघितलं, मग हेल्मेटच्या काचेतून आत बघितलं, मग पुन्हा लायसनकडे.

"फोटो कोणाचा हाये हा?"

"माझाच की."

"डोळे तुमचे हायेत. कान भी तुमचेच असतीन. पण हे नाक तुमचं नाई. काढा ते हेल्मेट."

आता सज्जन माणसाला भर रस्त्यात कोणी नाकाबद्दल बोललं तर तो काय शांतपणे हेल्मेट काढेल? गजेंद्रनं तावातावानं ते वर खेचलं. हेल्मेट होतं डोक्याला फिट्ट. त्याच्या आतली कड नाकात अडकली, कपाळापर्यंत कळ गेली, आणि नाकाच्या आत काहीतरी हळूच सरकल्यासारखं झालं. डोळ्यांतलं पाणी पुसून त्यानं मान वर केली, तर पोलीस अगदी जवळ येऊन बघत होता.

"आता तं बिलकुलच जुळून नाई राह्यलं," तो म्हणाला. मग गाडीच्या आरशात बघायची खूण करून त्यानं दया येऊन लायसन परत दिलं. आरशात गजेंद्रचं नाक डावीकडे वळलं होतं. गजेंद्र सरळ चालला होता आणि नाक वेगळ्याच गावाला निघालं होतं.

इथे थोडं मागचं सांगणं भाग आहे, पण थोडंच. नाकाडेंच्या घरात सगळ्यांची नाकं चांगली भरदार. गजेंद्रचे वडील प्रभाकरराव यांचं नाक तर असं की ते दारातून आत येण्याआधी नाक येऊन बसलेलं असे. एकटा गजेंद्र नकटा निघाला. "नाव नाकाडे आन् नाक कुठी ठेवून आला?" हे प्रभाकरराव त्याला पाहुण्यांसमोर विचारत, आणि पाहुणे हसत. शेवटी आठ वर्षांपूर्वी गजेंद्र नाकाचं हाड वाढलंय म्हणून नागपूरला गेला आणि सिलिकॉनचा तुकडा आत बसवून, उंच नाक घेऊन परत आला. खरी गोष्ट फक्त बायकोला, हर्षाला ठाऊक. प्रभाकररावांनी त्या नाकाकडे बराच वेळ बघितलं आणि ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "पाहा! मी म्हणत नव्हतो? नाकाड्यायचं नाक उशिरा येते, पण येते!" तेव्हापासून आठ वर्षं हेच वाक्य ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आले होते. आणि त्यांनी ते म्हटलं की गजेंद्रचा जीव खालीवर होई.

नागपूरच्या डॉक्टरांनी वाकडं नाक तपासलं आणि हळहळले. आतला इम्प्लांट सरकला होता, शेंड्याची कातडी लाल होऊन पातळ पडली होती. तसाच ठेवला तर एक दिवस तो स्वतःहून बाहेर येईल, म्हणाले. "बाहेर येईल म्हणजे कुठे?" गजेंद्रनं विचारलं. "जिथे असाल तिथे," डॉक्टर म्हणाले. गजेंद्रला डाळमिलच्या गल्ल्यावर बसलेला तो स्वतः दिसला, समोर गिऱ्हाईक, आणि मध्ये तो सिलिकॉनचा तुकडा. येत्या बुधवारची तारीख ठरली.

तारीख ठरणं सोपं, नाव नोंदवणं अवघड. काउंटरवरच्या बाईंनी आधारकार्ड घेतलं आणि पोलिसानं केलं होतं तेच केलं. एकदा कार्ड, एकदा चेहरा.

"फोटोतलं नाक वेगळं आहे."

"तेच परत घ्यायला आलोय," गजेंद्र म्हणाला.

विमा कंपनीच्या माणसाशी फोनवर झालेलं बोलणं तर गजेंद्रला अजून झोपेत आठवतं. सौंदर्यासाठी केलेलं कुठलंही ऑपरेशन विम्यात बसत नाही, असं त्यानं गोड आवाजात सांगितलं. गजेंद्रनं मुद्दा मांडला की बसवणं हे सौंदर्यासाठी होतं, हे मान्य. पण काढणं म्हणजे त्याच्या बरोबर उलट. सुंदर होणं हा शौक असेल, पुन्हा पहिल्यासारखं होणं हा शौक कसा? पलीकडच्या माणसानं नियम पुन्हा चाळले. मग म्हणाला, "सर, कुरूप होण्यासाठी आमच्याकडे पॉलिसीच नाही."

तरी इथपर्यंत सगळं झाकून चाललं होतं. नाकावर मोठी पट्टी होती आणि आग्या मोहोळाची माशी चावली, असं गावात सांगून झालं होतं. आनंदाबाई शेजारीण चुना लावायला सांगून गेल्या होत्या, दुसरं कोणी तुळशीची माती. प्रभाकरराव तेवढे काही बोलले नव्हते. पट्टीकडे बघून त्यांनी फक्त "हं" केलं होतं. घात झाला तो एका फोननं.

नाकाडेंची वडनेरला डाळमिल आहे. पण तिला डाळमिल कोणी म्हणत नाही. प्रभाकररावांनी ती टाकली तेव्हा जरा भारदस्त वाटावं म्हणून पाटीवर 'नाकाडे दाल प्लांट' असं लिहून घेतलं, आणि तेव्हापासून वडनेरच्या पंचक्रोशीत प्लांट म्हटलं की हाच. 'प्लांटवर जाऊन राह्यलो' म्हटलं की पुढे विचारावं लागत नाही. तुरीचे दिवस होते. आसपासच्या गावांतले ट्रॅक्टर तुरीचे कट्टे भरून इथेच येत, आणि या दोन महिन्यांत जी तूर आली त्यावर प्लांटचं वर्ष निघे. तूर आली नाही तर मशीन वर्षभर धूळ खात बसणार, हे गजेंद्रच्या घरात लहानथोरांना माहीत होतं.

तर अशा दिवसांत, गल्ल्याच्या मागच्या खोलीत, गजेंद्र डॉक्टरांशी फोनवर बोलत होता. कोणी ऐकलंच तर कळू नये म्हणून त्यानं एक शक्कल लढवली होती. नाक हा शब्दच काढायचा नाही. आणि डॉक्टरांशी बोलायचं म्हणून भाषाही पुस्तकातली.

"हो साहेब, इम्प्लांट काढूनच टाकू... आठ वर्षं चांगला चालला, तक्रार नाही... डाव्या अंगाला कलला आहे, काय करणार... नवीन? नाही नाही, त्याजागी नवीन बसवायचा नाही. जागा मोकळीच राहू द्या... बुधवारी नागपूरला येतो, सह्या वगैरे तिथेच करू... एकच विनंती, आमच्या वडिलांच्या कानावर जाऊ देऊ नका."

खोलीच्या दाराशी हिरालाल दलाल उभा होता. धान्याचा दलाल म्हणजे अर्धं ऐकून पूर्ण भाव सांगणारा माणूस. त्यानं 'इम' ऐकलं नाही, 'प्लांट' ऐकलं. खरं तर त्यानं ऐकायला नको ते सगळंच ऐकलं होतं. तो पाणीही न पिता परत फिरला, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या वडनेरला कळलं की गजूभाऊ बापाला न सांगता प्लांट काढून राह्यला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजेंद्र आला तर भंगारवाला प्रेमदास टेप घेऊन मशीनची उंची मोजत होता.

"काय करून राह्यला बे?"

"मोजून राह्यलो जी. लोखंड किती निंघन त्याचा अंदाज. डाव्या अंगाले कलला म्हणते ना?" प्रेमदासनं मान वाकडी करून मशीनकडे बघितलं. "मले तं सरळच दिसून राह्यला. पण मालक म्हणते तं कलला असन."

'डाव्या अंगाले' हे तर गजेंद्रचे फोनवरचे शब्द. त्याचा हात आपोआप पट्टीवर गेला. याला कसं कळलं? आणि कळलं तर हा मशीन काय म्हणून मोजतोय? प्रेमदासला हाकलून तो घरी धावला. घरी स्वयंपाकघरात आनंदाबाई बसल्या होत्या आणि हर्षा पदराला डोळे पुसत होती.

झालं होतं असं की आनंदाबाईंनी आल्या आल्या विचारलं, "हर्षा, प्लांट काढून राह्यले म्हणे ना वो तुमचा?" हर्षाच्या डोक्यात तेव्हा नाकातला प्लांटच होता. तिला वाटलं, झालं, नाकाचं फुटलं. बाई बिचारी आठ वर्षं हे गुपित एकटी सांभाळून थकली होती. तिनं मन मोकळं केलं.

"काढाच लागते आता, आनंदाकाकू. आतून लाल पडला."

"अगं माय! गंजला काय?"

"पातळ झाला म्हणते. ठेवला तं कवा भी बाहेर येईन."

"बाहेर येईन म्हणजे? भिंत फोडून?"

"मी तं पयलेच म्हणलं होतं, बसवू नका. हाये तेच चांगलं हाये. पण यायले शौक!"

"असं नको म्हणू वो. आता तुम्ही काय कराल? पोटाचं काय?"

"पोटाचं?" हर्षा गोंधळली. "पोटाले काई नाई झालं. वरवरचं हाये सगळं."

गजेंद्रनं आत येता येता 'भिंत फोडून?'पासून सगळं ऐकलं आणि एका क्षणात त्याच्या ध्यानात सगळा घोळ आला. आनंदाबाईंना नाकाचं कळलेलं नव्हतं! त्यानं आनंदानं उडी मारायचीच बाकी ठेवली. पण आनंदाबाई उठून जाताना त्याच्याकडे ज्या कीव आलेल्या नजरेनं बघून गेल्या, त्यावरून त्याला पुढचंही कळलं. नाक वाचलं होतं आणि प्लांट बुडत होता.

सोमवारी एकही ट्रॅक्टर आला नाही. जे येणार होते ते सरळ हिंगणघाटच्या मिलवाल्यांकडे गेले. त्यांचंही चूक नव्हतं. ज्याचा प्लांट परवा भंगारात जाणार, त्याच्याकडे वर्षाची तूर कोण टाकून जाईल? गजेंद्र दिवसभर रस्त्यावर उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होता, "प्लांट काढून नाई राह्यलो!" लोक ऐकत आणि एकच प्रश्न विचारत, "मंग फोनवर कोणता प्लांट काढाचं बोलून राह्यलता?" उत्तर अगदी सोपं होतं, पट्टीखालीच होतं, पण ते तोंडातून निघत नव्हतं. नाक सांगावं तर प्लांट वाचतो आणि नाक झाकावं तर प्लांट जातो, अशी त्याची कोंडी झाली होती.

हर्षानं रात्री जेवताना स्पष्टच सांगितलं. "सांगून टाका न जी. हसतीन आन् इसरून जातीन."

"बाबायचं काय? आठ वर्षं त्यायनं पावण्यायसमोर माह्या नाकाची तारीफ केली. खोटं हाये म्हणलं तं त्यायचं नाक कापल्या जाईन."

"आन् तूर गेली तं?"

गजेंद्रनं वरणाकडे बघितलं. वरण तुरीचंच होतं.

मंगळवारी सकाळी रूपरावांचा ट्रॅक्टर आला. रूपराव म्हणजे वडनेरचे जुने कास्तकार. दरवर्षी सगळ्यात आधी त्यांची तूर या प्लांटवर पडे, आणि ती कुठे पडली हे बघून बाकीचे आपापला ट्रॅक्टर वळवत. आजही त्यांच्यामागे चारपाच ट्रॅक्टर उभे होते. पण रूपरावांनी ट्रॅक्टर फाटकाच्या आत घेतला नाही. रस्त्यावरच थांबवला. हिरालाल, प्रेमदास, आनंदाबाई आणि रिकामं अर्धं गाव भोवती जमा झालं. प्रभाकरराव गल्ल्यावर बसून होते.

"गजू," रूपराव वरूनच बोलले, "तुह्या बापाच्या शब्दावर म्या अठी तूर टाकली आजवर. मले खरं सांग. प्लांट काढाचा हाये का नाई?"

"नाई काका! बिलकुल नाई!"

"मंग उद्या नागपूरले सह्या कराले काऊन चालला?" हिरालाल मधेच बोलला. "म्या ह्या कानानं आयकलं. वडिलायले सांगू नका म्हणलं का नाई? सांग!"

सगळे गजेंद्रकडे बघू लागले. त्यानं वळून प्रभाकररावांकडे बघितलं. ते शांतपणे सुपारी कातरत होते. रूपरावांनी मान हलवली आणि ट्रॅक्टर मागे घ्यायला सुरुवात केली. मागच्यांनीही आपापलं तोंड हिंगणघाटकडे वळवलं.

तो ट्रॅक्टर मागे सरकताना बघून गजेंद्रनं पट्टी ओरबाडून काढली, तूर मोजायच्या काट्यावर चढला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला,

"प्लांट नाकात हाये!"

सगळ्यांच्या माना मशीनकडे वळल्या.

"हा प्लांट नाई, ह्या! ह्या नाकातला!" तो आता थांबायला तयार नव्हता. "आठ वर्षं झाले बसवला! खोटा हाये! हेल्मेटनं वाकडा झाला! उद्या नागपूरले हाच काढाचा हाये! डाळीचा प्लांट जागच्या जागी हाये आन् राहीन! आता हसा!"

कोणीच हसलं नाही. रूपरावांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, काट्याजवळ आले आणि ते वाकडं लाल नाक मन लावून बघितलं.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच म्हणजे?"

"लेका, नाक खोटं हाये हे तं आम्हाले पयल्याच दिवशी समजलं. घरून गेलता तवा नाक बसेल होतं, आला तं उभं. म्हणे हाड काढलं. हाड काढल्यावर नाक कमी होते का जास्त?"

"मले भी माहीत होतं," आनंदाबाई म्हणाल्या. "हर्षाले वाईट वाटन म्हून नाई बोलली."

"नाकाचं सगळ्यायलेच माहीत होतं," हिरालाल खजील होऊन म्हणाला. "पण नाकातल्याले भी प्लांटच म्हणते, हे कोणाले माहीत?"

गजेंद्र काट्यावर उभाच होता. आठ वर्षं तो आरशासमोर बाजूनं उभा राहून बघत आला होता की कोणाला कळतं का. "मंग कोणी बोललं काऊन नाई?"

"कोणाच्या तोंडावर त्याच्या नाकाचं बोलाचं असते काय?" रूपराव म्हणाले. "आमचं तुह्या डाळीशी काम. डाळ तुही चांगली रायते."

प्रेमदासनं पुढे होऊन अदबीनं विचारलं, "मंग त्यात लोखंड?"

"नाई रे बाप्पा. सिलिकॉन."

"मंग आपल्या कामाचं नाई," म्हणून प्रेमदासनं टेप खिशात टाकला, आणि आता मात्र सगळे हसले. गजेंद्रही हसणार होता, पण त्याचं लक्ष गल्ल्याकडे गेलं. प्रभाकरराव उठून काट्याशी आले होते. गजेंद्र खाली उतरला.

"बाबा, तुम्ही आठ वर्षं लोकायले सांगत होते, नाकाड्यायचं नाक उशिरा येते..."

"अक्कलदाढ उशिरा येते," प्रभाकरराव म्हणाले. "नाक कवा उशिरा येते बे?"

"म्हणजे तुम्हाले..."

"मी तुहा बाप हाये. तुहं नाक मले नाई समजत?" त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "तू मान खाली घालून गल्ल्यावर बसे. गिऱ्हाइकाकडे पाहे नाई. नागपूरहून आला तं मान वर करून बसाले लागला. मले नाकाचं काय कराचं होतं? मले मान पाहिजे होती. आन् टोमणे मीच मारले होते तं तारीफ भी मलेच करा लागे ना."

गजेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. पोलिसासमोर आलं होतं ते कळ लागल्यानं; हे तसं नव्हतं. त्याला बापाच्या पाया पडावंसं वाटलं, मिठी मारावीशीही वाटली. पण वडनेरच्या रस्त्यावर, सहा ट्रॅक्टर बघत असताना, यातलं काहीही करायची पद्धत नाही. प्रभाकररावांनाही ते माहीत होतं. त्यांनी घसा खाकरला.

"पाहत काय राह्यला? बटन दाब. प्लांट चालू हाये हे लोकायले आयकू दे. रूपराव, घ्या ट्रॅक्टर आत."

रूपरावांचा ट्रॅक्टर फाटकातून आत आला, त्यामागे दुसरा, त्यामागे तिसरा. गजेंद्रनं धावत जाऊन बटन दाबलं. पट्टा फिरला, मशीन धडधडू लागलं, आणि दोन दिवस बसलेली तुरीची सगळी धूळ एकदम उडाली. गजेंद्रचं तोंड उघडलं, डोळे मिटले, छाती भरून आली. मोठी शिंक येत होती.

"गजू, नाक धर!" अख्खं गाव एका सुरात ओरडलं. सगळ्यात वरचा आवाज प्रभाकररावांचा होता.

आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच गजेंद्र नाकाडेनं चारचौघांत, अजिबात न लाजता, आपलं नाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.